खोट्या आयांचा तास

शुक्रवारी चौथ्या तासाला नववी ‘ब’च्या बत्तीस मुलांना एकाच वेळी आईचा फोन आला, आणि त्यांतल्या सोळा आया खोट्या होत्या.

मुलांना त्याचं काही वाटलं नाही, कारण दर शुक्रवारी हेच चाले. बाकावर ठेवलेला शाळेचा साधा फोन कानाला लावायचा, दीड मिनिट बोलायचं आणि समोरच्या कागदावर ‘खरी’ किंवा ‘खोटी’ अशी खूण करायची. शेजारच्या वर्गात नद्यांचा धडा चाललेला आणि इथं बत्तीस जण आपापल्या आईशी गप्पा मारतायत. कुणी जेवणात काय होतं ते सांगत होतं, कुणी खोकल्याच्या औषधाचं. मागच्या बाकावरचा एक जण तर खोट्या आईशी चक्क भांडत होता, कारण तिनं अगदी खऱ्या आईसारखं त्याला आंघोळीवरून टोचलं होतं.

माण तालुक्यातल्या उजाड माळावरची ही निवासी शाळा. मुलं बहुतेक धनगरांची. दिवाळी सरली की आईबाप मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात रानोरान फिरतात; परततात ते पावसाच्या तोंडावर. ते सात महिने मुलं वसतिगृहात, माणसं वाटेवर आणि मधे फक्त फोन. अर्ध्या मिनिटाच्या नमुन्यावरून कुणाचाही आवाज घडवता यायला लागल्यापासून असली मुलं ठकांना आयतीच सापडली. समोर आईबाप असलेल्या मुलाला त्यांच्या आवाजात फसवणं अवघड, पण ज्याचे आईबाप म्हणजे सात महिने नुसता आवाजच, त्याला फसवायला कितीसा वेळ लागतो! म्हणून सरकारनं नववीपासून ओळखतास सुरू केला आणि प्रत्येक शाळेला जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र दिलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘तोतया’ म्हणायला सुरुवात केली आणि मग शिक्षकही तेच म्हणायला लागले.

जूनमध्ये पालक शाळेत येत आणि तोतयासमोर दहा मिनिटं बोलत. तेवढ्यात तो त्यांच्या आवाजाचा ठसा घेई. बाई श्वास कुठं घेते, कुठला शब्द गिळते, रागावली की किती वेळ गप्प बसते, हे सगळं त्यात येई. मग तो तिच्या आवाजात काहीही बोले, विचारलेल्याला उत्तर देई, हसे, खोके. त्याचा फोन शाळेच्या भिंतीबाहेर लागत नसे, एवढी काळजी सरकारनं घेतली होती. शुक्रवारी यादीप्रमाणे निम्म्या आया खरोखर फोन करत आणि उरलेल्या तोतया पुरवत असे.

हा तास शबाना मुलाणी घ्यायच्या. त्या विज्ञानाच्या शिक्षिका. सहजासहजी भुलणाऱ्यांतल्या नव्हेत. यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी स्वतःचा ठसा दिला, नवऱ्याला शाळेत बोलावून एक फोन त्याच्या हाती ठेवला आणि पुढच्या खोलीतून काचेआडून पाहत राहिल्या. तोतयानं त्यांच्या आवाजात त्याला दळण आणायला सांगितलं, वर “पिशवी फाटकी नको” असंही म्हणाला. नवरा मुकाट्यानं पिशवी शोधायला उठला. मुलाणी मॅडम हसल्या खऱ्या, पण नंतर बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसल्या होत्या. माणसाच्या गळ्यातून निघणारी एवढी खाजगी गोष्ट एवढ्याशा डब्यात मावते, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं.

अडचण अशी की तोतयाही शिकत होता. जूनमध्ये मुलं शंभरातले ऐंशी फोन बरोबर ओळखायची. श्वासाची जागा चुकते, मागचा कुत्रा ठरावीक वेळानं तसाच भुंकतो, आई जरा जास्तच शुद्ध बोलते, अशा खुणांचा तक्ता वर्गात लावलेला होता. ऑगस्टमध्ये आकडा पासष्टावर आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक्कावन्नावर. म्हणजे मुलांनी फोन न उचलता नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. पाठ्यपुस्तकात तर खोटं चित्र ओळखायला अजून ‘चित्रातली बोटं मोजा’ असंच छापलेलं होतं. मॅडमनी एका दुपारी तक्ता काढून गुंडाळला आणि कपाटावर टाकला.

त्याच दुपारी त्यांनी एकेका मुलाची पानं काढून पाहिली आणि ईश्वरी मासाळच्या पानावर त्यांची नजर थांबली. जूनपासून ईश्वरीला सोळा फोन आले होते आणि सोळाच्या सोळा तिनं ‘खोटी’ ठरवले होते. त्यांतले आठ तिच्या आईचे होते, खरे. कुठलाच फोन चार सेकंदांपेक्षा जास्त चालला नव्हता. ‘ईशे’ एवढं ऐकू आलं की ती तोडत असे.

मॅडमना कारण ठाऊक होतं; सगळ्या शाळेला होतं. गेल्या माघात, वाडा घाटाखाली असताना, ईश्वरीला चुलत्याचा, तात्याचा, फोन आला होता. वाडा म्हणजे पाच-सात कुटुंबांचा एकत्र फिरणारा तांडा. त्याचा तळ रोज बदलतो आणि परक्याला सांगायचा नसतो, ही जुनी रीत. तात्या गावाकडं आला होता, परतताना वाट चुकला असं म्हणाला. वडील, म्हणजे आबा, रोज संध्याकाळी तळाची जागा ईश्वरीच्या फोनवर धाडत, लेकीला आपण कुठं आहोत ते कळावं म्हणून. तिनं तात्याला खुणेसकट सगळं सांगितलं. खरा तात्या त्या वेळी गावात दाढी करत बसला होता. पहाटे दोन गाड्या आल्या आणि एकसष्ट मेंढरं गेली.

तिला कुणी बोट लावलं नाही की शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तिनं मात्र कानाला खडा लावला आणि त्या दिवसापासून फोनवरच्या आईला आई मानायचं सोडलं. पावसाळ्यात माणसं गावी असताना ती घरी जाई, खाली मान घालून जेवे आणि परत येई. आता दिवाळी सरली होती. आठवड्याभरात वाडा पुन्हा घाट उतरणार होता आणि मग सात महिने ईश्वरीला आई नव्हतीच म्हणायची. हे कुठल्याही गुणपत्रिकेत दिसणार नव्हतं, पण मुलाणी मॅडमना आता तेच दिसत होतं.

वाडा निघण्याआधी पालकांचे ठसे नव्यानं घ्यायचे होते. मुख्याध्यापकांची सही घेऊन मॅडमनी डबा पिशवीत घातला आणि रविवारी दुपारी दहा-बारा मुलांना घेऊन त्या वाड्याच्या जवळच्याच तळावर गेल्या. ईश्वरी यायला तयार नव्हती. तिला त्यांनी जवळजवळ ओढूनच नेलं.

सूर्य कलायला लागला तशी पुरुषमाणसं मेंढ्या घेऊन रानातून परतली. दिवसभर कोकरं तळावर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बायकांच्या ताब्यात असतात. जाळी उचलली आणि मॅडमना कानांवर हात ठेवावे लागले. दोनशे कोकरं आणि दोनशे आया एकदम ओरडत एकमेकांच्या अंगावर धावल्या. धुळीत काही दिसेना. मॅडमनी मनात म्हटलं, आता हा गुंता रात्रभर सुटायचा नाही. आणि सात-आठ मिनिटांत सगळं शांत झालं. प्रत्येक कोकरू आपल्या आईच्या पोटाखाली होतं आणि शेपट्या हलत होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा मेंढ्यांकडं पाहिलं. अठरा वर्षं त्या याच माळावर शिकवत होत्या, अन् हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ईश्वरीची आई बायडा शेजारी उभी होती. मेंढी आवाजावर येते, असं तिनं सांगितलं. दोनशेंच्या कालव्यातनं आपल्या लेकराची हाक तिला ओळखू येते.

“खोटी हाक दिली तर?” ईश्वरीनं विचारलं. त्या दुपारभरातलं तिचं हे पहिलं वाक्य. तिच्या बोलण्यात मस्करी नव्हती. आईलासुद्धा खरंखोटं कळत नाही, हे तिला एकदा सगळ्यांसमोर दाखवायचं होतं, असं मॅडमना वाटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम आणि मुलं डबा घेऊन पुन्हा तळावर निघाली, तेव्हा ईश्वरीही आली, या वेळी आपणहून. काळ्या कानाचं पंधरा दिवसांचं एक कोकरू तिनं निवडलं आणि तोतयाला त्याचं ओरडणं ऐकवलं. ठसा तयार झाला. तोतयानं त्याच आवाजात एक नवी हाक काढली, त्या कोकरानं कधीच न दिलेली. डबा तीस पावलांवर एका बाभळीआड ठेवला. मेंढरांच्या पुढं येऊन ईश्वरीच्या वडिलांनी कोकरू घोंगड्यात घेतलं आणि ओरडू नये म्हणून त्याच्या तोंडात बोट दिलं. मेंढरं आली, आणि ईश्वरीनं डबा सुरू केला.

मेंढी थबकली. कान वळले. मग ती अख्खं खांडवं, सगळा कळप, फोडून निघाली, वाटेतल्या दोघींना धडका देत, ओरडत, थेट बाभळीकडं. निसर्गानं लाखो वर्षांत घडवलेला कान एका डब्यानं दोन मिनिटांत भुलवला होता. ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला जे दाखवायचं होतं ते दिसलं होतं, आणि ते दिसल्याचं तिला सहन होत नव्हतं.

मेंढी डब्यापाशी पोचली. तिनं मान खाली घातली आणि डबा हुंगला. एकदा या बाजूनं, एकदा त्या. डबा कळवळून ओरडतच होता. तिनं एक पाय आपटला, वळली आणि चालू लागली. तिला ना राग आला होता ना लाज वाटली होती. वडिलांनी घोंगडं उघडलं, कोकरू धावलं, आणि त्या खऱ्या लेकरालाही तिनं शेपटीकडनं नीट हुंगून घेतलं, मगच पाय फाकवून उभी राहिली.

ईश्वरीनं डबा पुन्हा लावला. मेंढी पिणाऱ्या कोकराला सोडून गेली नाही, पण दुसऱ्या दिवशी लावला तेव्हा परत तशीच धावत आली, हुंगलं, परत फिरली. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी बायडा लेकीजवळ येऊन बसली. तिला बोलायचं होतं हे कळत होतं, आणि सुरुवात कुठून करावी हे तिला कळत नव्हतं, हेही. शेवटी ती मेंढीकडं बघत म्हणाली, “हिला धा येळा फसव, धा येळा पळत यील. आई हाय ती. तात्याचा आवाज आला आन् तू पळालीस, त्यात काय चुकलं न्हाई, ईशे. न पळतीस तर मला वाईट वाटलं असतं. हुंगायचं तेवढं ऱ्हायलं. ते आमी तुला कवा शिकवलंच न्हाई.”

ईश्वरी गुडघ्यात डोकं घालून रडली. दहा महिन्यांचं रडणं होतं, त्याला वेळ लागला. मुलाणी मॅडम जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याच वेळी डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती. इतके महिने आपण मुलांचे कान घासत बसलो, आणि मेंढी कानावर विसंबतच नाही. कानानं ती नुसती धावते. दूध द्यायची वेळ आली की दुसऱ्या वाटेनं खात्री करते, आणि ती रोज करते, खऱ्या लेकराचीही.

पण माणसांत हे शिकवणं सोपं नव्हतं. वाड्यात थोरल्यांना ‘तुम्हीच कशावरून?’ असं पोरानं विचारणं म्हणजे उद्धटपणा. ठक नेमके त्या आदराच्या आड लपून येत होते. शेवटच्या संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना बसवून हे सांगितलं. मग तात्याच बोलला. “त्या दिशी हिनं माझ्यावं शंका घेतली असती, तर म्याच हिच्या कानाखाली दिली असती,” तो म्हणाला. “आता सांगतो, मला बी हुंगत जा. दरखेपी.”

तिथंच रीत ठरली. फोन कुणाचाही येवो, मन मोकळं करून बोलायचं. पण आवाजानं काहीही मागितलं, तळाची जागा, आकडा, फोटो, दाराबाहेर ये असं काहीही, की ‘थांब, हुंगते’ म्हणून फोन ठेवायचा. मग दुसऱ्या नंबरावर, दुसऱ्या माणसाला फोन करायचा आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायला सांगायचं. थोरल्यांनी रागवायचं नाही, आणि जो रागावेल त्याला दोनदा हुंगायचं. मॅडमनी शाळेच्या कागदावरचं ‘खरी की खोटी’ खोडून ‘काही मागितलं का? हुंगलं का?’ असं लिहिलं. वरच्या कार्यालयाला चार पानी टिपण पाठवलं. पोच म्हणून एक ओळ आली.

वाडा गेला. शुक्रवारी ईश्वरी दीड मिनिट पूर्ण बोलायला लागली. समोर आई आहे की तोतया, हे तिला ओळखू येत नसे आणि आता ते ओळखण्याची तिला घाईही नसे.

पौषातल्या एका रविवारी दुपारी ती वसतिगृहाच्या पायरीवर वेणी घालत होती, तेव्हा तिच्या स्वतःच्या फोनवर आईचा फोन आला. छान गप्पा झाल्या. काळ्या कानाचं कोकरू आता चरायला जातं, तात्याचा गुडघा थंडीत फार दुखतो, काकूशी बायडाचं कशावरून तरी वाजलं. ईश्वरी खळखळून हसली. नऊ मिनिटांनी आई म्हणाली की आबांचा फोन बिघडलाय, तुझ्याकडं तळाचा नकाशा असेल तो या नंबराला पाठव, व्यापारी कोकरं बघायला यायचाय.

“थांब आये, हुंगते,” ईश्वरी म्हणाली.

“हुंग बाई, हुंग,” आई हसली. “शंभरदा हुंग. मी काय रागावती व्हय?”

इतकं मायेनं म्हटलेलं ऐकून ईश्वरीचा हात क्षणभर अडखळला. मग तिनं फोन ठेवला आणि काकूला लावला. काकू तळाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती चालत गेली. बायडा एका अधू कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, “म्या न्हाई केला गं. पर आता लावलायस तर बोल की.”

ईश्वरीनं आधी, त्या दिवशी वसतिगृहाच्या पाळीवर असलेल्या मुलाणी मॅडमना हाक मारली. मॅडमनी धावत जाऊन डबा पाहिला. तोतया कपाटात बंद होता. तो फोन बाहेरून आला होता. दिवस मावळायच्या आत वाड्यानं तळ हलवला. तिथं कुणी आलं की नाही हे पुढं कळलं नाही, मेंढरं मात्र सगळी होती.

संध्याकाळी ईश्वरी आणि मॅडम व्हरांड्यात बसून त्या नऊ मिनिटांचा शब्द न् शब्द आठवत होत्या. बायडाचा आवाज चोरणं अवघड नव्हतं. वाटेत कुणाशीही चार वाक्यं बोलली असेल. पण कोकरू, गुडघा, काकू? हळूहळू ईश्वरीच्या ध्यानात आलं. कोकराचं तिनंच आधी विचारलं होतं. गुडघाही तिनंच काढला होता, काकूचा आणि आबांचा विषयही. आवाजानं फक्त पुढचं वाक्य जोडलं होतं. आणि ‘हुंग’ हा शब्दसुद्धा तिच्याच तोंडून आधी निघालेला. पण त्यावर न रागावणं? ‘शंभरदा हुंग’? ते तर वाड्यातल्या माणसांना जुनी सवय मोडून शिकावं लागलं होतं. मॅडम म्हणाल्या, त्या आवाजामागच्या यंत्रानं जगभरातल्या लाखो आयांचं बोलणं ऐकलं असणार. चांगली आई अशा वेळी काय म्हणेल, ते त्यानं त्यातनं काढलं. चोरांच्या हातातल्या त्या यंत्राला माया नव्हती, आणि मायेचं बोलणं त्याला कित्येक माणसांपेक्षा चांगलं जमलं होतं.

ईश्वरीला भीती वाटत नव्हती, फसवलं गेल्याचा रागही नव्हता. तिला दुसरंच काहीतरी कळत नव्हतं.

“म्याडम,” ती म्हणाली, “ती नऊ मिन्टं मला लई बरं वाटलं. आईपाशी बसल्यावानी. बोलणारं खोटं हुतं, पर मला वाटलं ते तर खरंच हुतं ना? मग ते मला दिलं कुणी?”